लिटरमागे किती?

नवी मोटार दाराशी येऊन उभी राहिली म्हणजे तिच्या चाकाखालचे लिंबू नीट चिरडले जाण्यापूर्वीच एक प्रश्न येऊन ठेपतो. भाषावार प्रांतरचनेला न जुमानणारे जे थोडे प्रश्न या देशात उरले आहेत, त्यांपैकी हा एक. रायपूरच्या आमच्या सरकारी वसाहतीत बंगाली आहेत, ओडिया आहेत, तेलुगू आहेत, पंजाबी आहेत. कोणाच्या जेवणाची वेळ कोणाशी जुळत नाही आणि सर्वांचे नववर्ष एकाच दिवशी येत नाही. तथापि २०२४ च्या दसऱ्याला आम्ही डिझेलवर चालणारी एसयूव्ही घेऊन फाटकातून आत आलो, तेव्हा या सर्वांनी आपापल्या हिंदीत एकच पृच्छा केली : लिटरमागे किती देते? रंग कोणी विचारला नाही, कारण तो दिसत होता. किंमत कोणी विचारली नाही, कारण ती आमच्यापेक्षा त्यांनाच अधिक अचूक ठाऊक होती.

त्या दिवशी आम्ही पुस्तिकेतील आकडा सांगून वेळ निभावली. सतराच्या जरा खाली, असे तीत छापले आहे. त्यानंतर मात्र या एका प्रश्नाची निदान पाच-सहा उत्तरे आमच्याजवळ जमली आहेत, आणि चमत्कार असा की ती सारीच खरी आहेत.

गाडीचे नाव आम्ही येथे देत नाही. हा लेख आहे, जाहिरात नव्हे. वाचकांना इतके पुरे की इंजिन दोन लिटरचे आहे, टाकी ५० लिटरची आहे, वजन पावणेदोन टनांच्या घरात आहे आणि उंची अशी की आमच्या सौभाग्यवतींना चढताना पदर आणि पिशवी यांपैकी एकच वस्तू सांभाळता येते.

पुस्तिकेतल्या आकड्याविषयी प्रथम सांगितले पाहिजे, कारण त्याचे मूळ आपल्याच मुलखात आहे. हिंदुस्थानात विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांचे हे आकडे 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' या संस्थेने प्रमाणित केलेले असतात. ही संस्था १९६६ साली स्थापन झाली आणि ती पुण्यास, वेताळ टेकडीच्या अंगाला आहे. तेथे गाडी रस्त्यावर नेत नाहीत. प्रयोगशाळेत रुळांवर उभी करून तिची चाके जागच्या जागी फिरवतात. सुमारे वीस मिनिटे, दहा-साडेदहा किलोमीटर, ठरलेल्या क्रमाने वेग वाढवायचा, कमी करायचा, थांबायचे. वेग ९० च्या वर जात नाही. समोरून म्हैस येत नाही, घाट लागत नाही, मागून ट्रक भोंगा वाजवत नाही. पुणेरी माणसाने आदर्श परिस्थिती गृहीत धरून दिलेल्या उत्तरात जो एक निर्दोषपणा असतो तो या आकड्यात आहे. आम्ही त्याची थट्टा करीत नाही. दोन गाड्यांची तुलना करावयास तो उत्तम आहे. फक्त त्या टेकडीवरून आमच्या घरी जाण्याचा रस्ता जात नाही.

आमचे घर म्हणजे रायपूरचे घर नव्हे, हे या मासिकाच्या वाचकांना निराळे सांगावयास नको. आपल्यापैकी प्रत्येकाला दोन घरे असतात. एक खात्याने दिलेले. दुसरे असे, की ज्याविषयी बोलताना 'घर' या शब्दामागे कोणतेही विशेषण लावावे लागत नाही. आमचे दुसरे घर बुलढाणा जिल्ह्यात, मेहकरपासून आठ-दहा किलोमीटरवर आहे. तेथे आमचे वडीलबंधू शेती पाहतात आणि वयाची चौऱ्याऐंशी वर्षे पूर्ण केलेले आबा, म्हणजे आमचे वडील, वडीलबंधू शेती कशी पाहतात ते पाहतात. मेहकरास रेल्वे नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी आमच्या आजोबांच्या काळापासून चालत आली आहे. आजोबा गेले, मागणी आहे. रायपूरहून निघावयाचे ते हावडा मेल अथवा गीतांजलीने अकोल्यापर्यंत आणि तेथून एस. टी. ने. आरक्षण मिळाले तर सुट्टी नाही आणि सुट्टी मिळाली तर आरक्षण नाही, हा सर्वांचाच अनुभव आहे. आमच्या नोकरीची अद्याप तीन वर्षे उरली होती, आबांची वर्षे मोजण्याची आमची छाती नव्हती. मोटार घेण्यामागे एवढेच कारण होते.

परंतु डिझेलच का? दिल्लीतील एका स्नेह्यांनी दूरध्वनीवरून आमचे जवळजवळ सांत्वन केले. त्यांच्या नगरीत डिझेल गाडीचे आयुष्य लहान. दहा वर्षांवरील डिझेल गाड्या राजधानी परिसरात चालू नयेत असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली ठरवले आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. पुढे २०२५ साली त्या निर्णयाचा पुन्हा विचार झाला तो भाग वेगळा. एके काळी सरकार डिझेलचा भाव धरून ठेवीत असे. पेट्रोल २०१० च्या जूनमध्ये मोकळे सोडले, डिझेल मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत बांधलेले राहिले, आणि दरम्यानच्या काळात देशात विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी निम्म्याच्या आसपास डिझेलच्या होत्या. पुढे भावांतील अंतर आटले. १ एप्रिल २०२० पासून 'भारत स्टेज ६' चे कडक नियम आले, तेव्हा मारुतीसारख्या कंपनीने डिझेलचा संसारच मोडला. म्हणजे वरात पांगून मांडव उतरू लागल्यावर आम्ही आहेराचे पाकीट घेऊन पोचलो होतो.

हिशेब आम्ही केला नाही असे नाही. वर्षाकाठी आमचे धावणे बारा हजार किलोमीटर. याच अंगाची पेट्रोल गाडी लिटरला १२ देईल असे धरले तर हजार लिटर लागते. डिझेलची १६ देईल असे धरले तर साडेसातशे. त्या वेळी रायपुरात पेट्रोल शंभराच्या आसपास आणि डिझेल त्र्याण्णवच्या पुढे होते. वर्षाला तीस हजार रुपये वाचतात. गाडी मात्र दीड लाखाने महाग. अंतर भरून निघण्यास पाच वर्षे, आणि निवृत्तीस तीन! हा प्रस्ताव फाइलवर आमच्यापुढे आला असता तर 'आर्थिकदृष्ट्या समर्थनीय नाही' असा शेरा मारून आम्हीच तो परत पाठवला असता. तरीही आम्ही त्यावर सही केली, याचे कारण या हिशेबाच्या कोणत्याही रकान्यात बसत नव्हते. पन्नास लिटरची टाकी भरून निघाले की वाटेत कोठेही न भरता घरी पोचता येते आणि परतीची काही वाटही होते. मध्यरात्री पंप उघडा आहे की बंद हे पाहावे लागत नाही.

सरकारी मोटारीच्या लॉगबुकावर सह्या करण्यात आमची तीस वर्षे गेली. त्या लॉगबुकांतील आकडे नेहमीच इतके जुळत की त्यांवरचा आमचा विश्वास हळूहळू उडत गेला. स्वतःच्या गाडीसाठी आम्ही निराळी वही घातली. पंपावरची नळी 'खट्' करून आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावयाची, मीटर शून्यावर आणावयाचा आणि पुढच्या खेपेस तसेच 'खट्' होईपर्यंत भरून भागाकार करावयाचा. गाडीच्या तक्त्यावर अ‍ॅव्हरेजचा आकडा आपोआप उमटतो हे खरे. पण वहीच्या मानाने तो साधारण एका किलोमीटरने उदार असतो. आपल्या पगारदार सेवकाने आपल्याविषयी चांगलेच बोलावे यात नवल नाही.

वहीचा निष्कर्ष असा. रायपूर शहरात, जयस्तंभ चौक ते कचेरी या व्यवहारात, साडेदहा. रायपूरहून भिलाई, दुर्ग, राजनांदगाव मागे टाकून देवरी, साकोली, भंडाऱ्यावरून नागपूरला येणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर साडेपंधरा ते सोळा. आणि नागपूरजवळच्या शिवमडका येथून समृद्धी महामार्गाला लागले की तेथे एक आकडा नाही, तीन आहेत. ताशी ८० ने गेल्यास १९.४, शंभराने १६.६, आणि १२० ने १३.७.

हे तीन आकडे इतके काटेकोर मिळाले ते ज्या यंत्रामुळे, त्याकडे आता वळले पाहिजे. सुकाणूच्या चक्रावर उजव्या अंगठ्याशी एक कळ असते. हवा तो वेग आला की ती दाबावी आणि पाय काढून घ्यावा. गाडी त्याच वेगाने चालत राहते. चढ आला तर स्वतः अधिक डिझेल ओढते, उतार आला तर हात आखडते. ब्रेकला पाऊल लागताच सारे सुटते. याला क्रूझ कंट्रोल म्हणतात. शुद्ध मराठी प्रतिशब्द कोणी केला असल्यास केला असो. आम्ही आपल्यापुरते त्याला 'राखणदार' म्हणतो. ज्वारीच्या शेतात माचाणावर बसून पाखरे हाकणारा जो असतो तो. त्याचेही काम पीक वाढवण्याचे नसते, आहे ते जाऊ न देण्याचे असते. काही महागड्या गाड्यांत रडारने पुढच्या वाहनाचे अंतर ओळखून वेग आपोआप कमी करणारी सोय असते. आमची साधी आहे, आणि आपल्याकडे पुढच्या गाडीपासून सोडलेले अंतर म्हणजे तिसऱ्याला दिलेले निमंत्रण समजले जात असल्यामुळे आम्हाला तिचा हेवाही वाटत नाही.

या यंत्राची जन्मकथा आम्हाला फार आवडते. ते काढणारे रॅल्फ टीटर हे अमेरिकेतील इंडियाना राज्याचे अभियंते आंधळे होते. पाचव्या वर्षी अपघातात त्यांची दृष्टी गेली. त्यांनी जन्मात कधी मोटार हाकली नाही. पण ते मोटारीतून हिंडत, आणि त्यांना घेऊन जाणाऱ्या त्यांच्या वकिलांना एक खोड होती. वकीलसाहेब बोलू लागले की गाडी मंदावे, ऐकू लागले की वेग घेई. डोळस माणसाच्या हे ध्यानात आले नसते. बाहेरचे दिसत नसल्यामुळे टीटरना ते प्रत्येक हिसक्याला जाणवे. त्यातून त्यांनी वेग स्थिर ठेवणारे साधन रचले, १९५० साली त्याचे पेटंट मिळाले आणि १९५८ साली क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांत ते प्रथम बसले. पाऊल मनाच्या मागे चालते आणि शेजारी बसलेल्याला ते कळते, एवढेच त्या आंधळ्या माणसाला दिसले होते.

रायपूर-नागपूर रस्त्यावर राखणदाराचा उपयोग बेताचा. तेथे ट्रॅक्टर उलट्या बाजूने येतात, गावकरी दुभाजकातील फटीतून सायकल घालतात, आणि दर अर्ध्या तासाने दावणीतून सुटलेले गोधन कळपाने रस्ता ओलांडते. कळ दाबावी आणि तीन मिनिटांत ब्रेक मारून सोडावी, असे चालते. पावसात तर ती दाबूच नये. ओल्या रस्त्यावर चाक घसरू लागले तरी हा इमानी सेवक वेग टिकवण्याचाच प्रयत्न करीत राहतो. परंतु नागपूरच्या पुढे समृद्धी महामार्ग सुरू झाला की चित्र पालटते. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर-शिर्डी हा पहिला भाग खुला झाला. संपूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता २०२५ च्या जूनमध्ये पुरा झाला. मोटारींना वेगाची मर्यादा १२०. काँक्रीटची सरळ पट्टी, दोन्ही अंगांना वऱ्हाडची काळी माती, कपाशी, तूर, मध्येच एखादा पूल. पाय जमिनीवर सपाट ठेवून माणूस बसतो आणि तीन जिल्हे खिडकीतून निघून जातात.

या सुखात भय आहे. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर याच रस्त्यावर, सिंदखेड राजाजवळ, एक खाजगी प्रवासी बस उलटून पेटली आणि २५ माणसे जळून गेली. ते ठिकाण आमच्या तालुक्याला लागून आहे. त्या रस्त्यावर हातांना काही काम उरत नाही, डोळ्यांना वळण मिळत नाही, आणि जागेपणीच झोप लागते. राखणदार वेग सांभाळतो, पण जागे राहण्याचे काम त्याने घेतलेले नाही. आम्ही दर शंभर किलोमीटरला उतरून पाय मोकळे करतो, मग सौभाग्यवतींनी कितीही घाई केली तरी.

वाऱ्याचा हिशेब आम्हाला तेथेच कळला. गाडीचा वेग ८० वरून १२० झाला म्हणजे दीडपट झाला. परंतु हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने तो सव्वादोनपट होतो. त्यात आमची गाडी उंच आणि सपाट नाकाची. वाऱ्यात सूप आडवे धरावे आणि उभे धरावे यात जो फरक, तोच बसक्या मोटारीत आणि हिच्यात. शिवमडका ते मेहकर आमच्या मोजणीने सुमारे २८० किलोमीटर. ८० ने साडेतीन तास आणि साडेचौदा लिटर. शंभराने दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटे आणि सतरा लिटर. १२० ने दोन तास वीस मिनिटे आणि साडेवीस लिटर. शंभरावरून एकशेवीसवर जाण्याने अठ्ठावीस मिनिटे वाचतात आणि साडेतीन लिटर, म्हणजे तीनशेहून थोडे अधिक रुपये, जातात. सरकारी प्रवासभत्त्याच्या देयकात आम्ही आयुष्यभर अंतर आणि दर यांचे गुणाकार तपासले. वेळेचा भाव इतक्या उघडपणे मांडलेला आम्ही प्रथमच पाहिला.

२०२५ च्या जानेवारीतील एका रात्री दहा वाजता दादांचा फोन आला. "आबा ओट्यावरून पडले. मेहकरला दवाखान्यात आणलंय. तू निघ." आणखी काही त्यांनी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. साडेदहाला आम्ही उभयतां निघालो. टाकी भरलेली होती. थंडी कडक होती, रस्ता कोरडा होता. देवरीच्या जंगलपट्टीत धुके लागले ते साकोलीपर्यंत राहिले. नागपूरचे बाह्यवळण ओलांडून शिवमडक्याला पोचलो तेव्हा साडेतीन वाजत आले होते.

टोलनाक्यापलीकडे रस्ता मोकळा होता, तेव्हा सौ. म्हणाल्या, "अहो, शंभरावर लावा. आबांकडे आपण दोघांनी पोचायला हवं." आम्ही शंभरावर कळ दाबली आणि पाय काढून घेतला.

त्यानंतरचे पावणेतीन तास आम्हाला नीट आठवतात. कळीच्या वरच्या टोकाला एक अधिकचे चिन्ह असते. ते दाबले की वेग वाढतो. अंगठा त्या चिन्हावर होता. अठ्ठावीस मिनिटे. त्यांचा भाव वहीत लिहिलेला होता, आणि त्या भावाला त्या रात्री काही अर्थ नव्हता. तीनशे रुपयांच्या जागी तीन हजार असते तरी दिले असते. प्रश्न पैशाचा नव्हता हे जसे खरे, तसे हेही खरे की त्या अठ्ठावीस मिनिटांत आबांचे काय होणार होते हे कोणत्याच यंत्राला ठाऊक नव्हते. पाय पेडलवर असता तर प्रश्न असा समोर उभाच राहिला नसता. पायाला विचार नसतो. मेहकर जसजसे जवळ येत गेले असते तसतसा तो आपोआप खाली गेला असता. एकशेदहा, एकशेवीस, एकशेतीस, आणि आपण वेग वाढवला हे आम्हाला कळलेही नसते. कळीचे तसे नाही. ती दाबायची म्हणजे सही करायची. तीस वर्षे सह्या करणाऱ्या माणसाला सहीचा अर्थ कळतो. कारंजाच्या पुढे एकदा, मालेगाव सोडल्यावर एकदा, अंगठा थांबला. शेजारी सौ. जाग्या होत्या आणि काही बोलत नव्हत्या. टीटरच्या वकिलांच्या गाडीत त्या बसल्या असत्या तर त्यांनाही सारे कळले असते. येथे गाडीत काहीच कळत नव्हते. काटा शंभरावर होता.

उजाडता उजाडता दवाखान्याच्या पायऱ्या चढलो. आबांच्या खुब्याचे हाड मोडले होते. ते शुद्धीवर होते. औषधाने जरा गुंगीत होते. आम्हाला पाहून त्यांनी आधी सुनेकडे पाहिले, मग आमच्याकडे, आणि म्हणाले, "तेल किती लागलं?"

आम्ही म्हणालो, "छत्तीस लिटर, आबा."

ते थोडा वेळ डोळे मिटून पडले. आम्हाला वाटले झोप लागली. मग म्हणाले, "दोन डबे. दोन डब्यांत आपला तीन एकर गहू भिजायचा."

वाचकांपैकी जे शेतकऱ्यांच्या घरचे असतील त्यांना हा हिशेब कळेल. आमच्या विहिरीवर वीज येण्यापूर्वी पाच अश्वशक्तीचे किर्लोस्करांचे ऑइल इंजिन होते. आबा हँडल मारून ते सुरू करीत. आम्ही लहान असताना त्यात ठिणगी कोठून पडते हे विचारले, तेव्हा ते म्हणाले होते की ठिणगी नसतेच, दाबल्यानेच ते पेटते. पुढे पुस्तकात वाचले तेव्हा यापेक्षा अधिक काही आढळले नाही. रुडॉल्फ डिझेल यांचे १८९७ साली ऑग्सबर्ग येथे यशस्वी झालेले इंजिन याच तत्त्वावर चालले : हवा इतकी दाबावी की ती स्वतःच तापून पाचशे अंशांच्या वर जाते, आणि तीत तेलाचा फवारा सोडताच भडका होतो. पेट्रोलपेक्षा डिझेल काटकसरी ठरते ते मुख्यत्वे या दाबामुळे. शिवाय लिटरभर डिझेलात लिटरभर पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के ऊर्जा अधिक असते. आबांनी हे सारे वाफ्यांत मोजले होते. एका डब्यात दीड एकर, वारा नसेल तर. वारा असेल तर पाणी उडते आणि सरीत कमी पडते. म्हणजे त्यांच्या हिशेबातही वारा होताच.

शस्त्रक्रिया छत्रपती संभाजीनगरला झाली. आबा तेथे रुग्णवाहिकेने गेले, मागे आम्ही. एप्रिलमध्ये काठीच्या आधाराने ते चालू लागले, आणि मे महिन्यात तपासणीसाठी त्यांना आम्ही आमच्याच गाडीतून नेले. चढण्यासाठी दादांनी घरचा पाट खाली ठेवला. समृद्धीला लागल्यावर आम्ही कळ दाबली. दहा मिनिटांनी आबा खाली वाकून पाहू लागले.

"पाय कुठं आहे तुझा?"

आम्ही दाखवला. सपाट, जमिनीवर.

"मग हाकतं कोण?"

आम्ही राखणदाराची कथा सांगितली, आंधळ्या टीटरची सांगितली. टीटर त्यांना पटला. यंत्र त्यांना पुरते पटले नाही. मेहकरच्या बाजारातून रात्री परत येताना ते गाडीत आडवे होत आणि बैल आपल्या चालीने घरी आणीत, हे आम्ही लहानपणी अनेकदा पाहिले आहे. जू उतरवताना खडखड झाली की आबा जागे होत. तोच दाखला त्यांनी दिला. "तुझी गाडी चाल धरते, वाट नाही धरत. बैल दोन्ही धरायचा." मग थोड्या वेळाने, "आणि अंधारात नाला आला तर थांबायचा."

यावर आम्हाला उत्तर नव्हते. इतकेच म्हणता येईल की ते बैल ताशी चार किलोमीटरने येत.

डिझेल गाडीची दुसरी बाजूही वाचकांपुढे ठेवली पाहिजे. डिझेलचा धूर विषारी असतो; कर्करोगावर संशोधन करणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने २०१२ साली त्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले. नव्या नियमांमुळे डिझेलमधील गंधक दशलक्ष भागांत दहा भागांवर आले, आणि नळकांड्यात काजळी अडवणारी गाळणी बसली. ही गाळणी अधूनमधून तापून साठलेली काजळी जाळून टाकते. त्यासाठी गाडी बराच वेळ वेगाने चालावी लागते. जयस्तंभ चौकात अडकून पडणाऱ्या गाडीची गाळणी चोंदते आणि तक्त्यावर पिवळा दिवा लागतो. तात्पर्य, डिझेल घेऊन केवळ शहरात फिरणाऱ्याने पैसा आणि गाळणी दोन्ही घालवावी. आम्ही पंधरा दिवसांतून एकदा दुर्गपर्यंत उगाच जाऊन येतो. सौ. याला तीर्थयात्रा म्हणतात. आणि काटकसरीचा कितीही अभिमान बाळगला तरी लिटरभर डिझेल जळले की सुमारे २.६ किलो कर्बवायू हवेत जातो. त्या जानेवारीच्या रात्री आम्ही नव्वद किलोहून अधिक सोडला. ते वहीत लिहिले आहे, उजव्या समासात.

धुरातील आणखी एक विषारी वायू मारण्यासाठी आमच्या गाडीत युरियाचे पाणी घालावे लागते. शंभर भागांत साडेबत्तीस भाग युरिया. पेरणीनंतर खताच्या गोणीसाठी दोन दिवस रांगेत उभ्या राहणाऱ्या दादांना आम्ही हे सांगितले, तेव्हा ते बराच वेळ गाडीकडे पाहत राहिले. "हिला पण युरिया लागतो?" आबा मात्र खूष झाले. तेल पिते, युरिया खाते, म्हणजे ही औतालाच जुंपायची होती, असे त्यांचे मत पडले.

वहीतील एक गोष्ट अद्याप आम्हाला उलगडलेली नाही. घरी जातानाचे अ‍ॅव्हरेज दर वेळी परतीच्या अ‍ॅव्हरेजहून कमी येते, सरासरी १५.९ आणि १७.१. वस्तुतः परतताना गाडी जड असते. तुरीची डाळ, ज्वारी, लोणच्याची बरणी आणि दादांनी न विचारता घातलेले कपाशीच्या सरकीचे तेल. पश्चिमेचा वारा जाताना समोर आणि येताना पाठीशी असतो हे एक कारण संभवते. समृद्धीवर तर राखणदारच वेग सांभाळतो, तेथे आमच्या मनाचा संबंध नाही. मग उरतो तो रायपूर-नागपूर रस्ता, जेथे पाय आमचाच असतो. सौभाग्यवतींना वारा हे कारण मान्य नाही.

आबांना ही वही हवी असते. गेल्या खेपेस त्यांनी सारी पाने चष्मा लावून वाचली आणि ८० च्या रकान्यावर बोट ठेवले. नागपूरपासून घरापर्यंत त्या वेगाने यावे, रात्री न निघता पहाटे निघावे, आणि दोन डब्यांच्या ठिकाणी पावणेदोन डब्यांत भागते की नाही ते पाहावे, असे त्यांनी सांगितले आहे. त्यासाठी एक दिवस अधिक लागेल. रजेचा अर्ज वर गेला आहे.